त्रास नेमका कधी सुरू झाला? श्वसनविषाणूच्या साथीत घरच्यांसाठी दिवसवार मार्गदर्शक

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत मी बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात काम करत होतो. दम लागलेल्या माणसाला जीपमधून उतरवले जात असतानाच मी सोबतच्यांना एकच प्रश्न विचारत असे : त्रास कधी सुरू झाला? उत्तर बहुतेक वेळा ठरलेले असे. ‘झाले असतील की साहेब, चार-आठ दिवस.’ आपल्या बोलण्यात चार-आठ दिवस म्हणजे थोडे दिवस, आणि एरवी एवढ्या ढोबळपणाने काही बिघडत नाही. कोविडमध्ये मात्र चौथा दिवस आणि आठवा दिवस हे जवळजवळ दोन वेगळे आजार असतात. पहिल्या काही दिवसांत शरीरात विषाणू वाढत असतो. पुढे, ज्यांचा आजार बळावतो त्यांच्यात आठव्या दिवसाच्या आगेमागे विषाणूपेक्षा शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणाच फुप्फुसांची अधिक हानी करू लागते. त्यामुळे पहिल्या टप्प्यात उपयोगी पडणारे औषध दुसऱ्या टप्प्यात वाया जाते, आणि दुसऱ्या टप्प्यात जीव वाचवणारे औषध पहिल्या टप्प्यात दिले तर अपाय होऊ शकतो.

जगभरच्या वैद्यकीय चाचण्यांमधून निघालेली सर्वांत कामाची गोष्ट हीच आहे असे माझे मत आहे, आणि तीच घराघरांत सर्वांत कमी पोहोचली. म्हणून हे मार्गदर्शन औषधांच्या यादीप्रमाणे न मांडता दिवसांच्या क्रमाने मांडले आहे. लिहिताना डोळ्यांसमोर असे घर आहे की जिथून तालुक्याचा दवाखाना वीस-पंचवीस किलोमीटरवर, आणि घाटी (छत्रपती संभाजीनगरचे सरकारी रुग्णालय) किंवा अंबाजोगाई, लातूर, नांदेडची वैद्यकीय महाविद्यालये त्याहून पुष्कळ लांब आहेत. आकडे कोविड-१९ चे आहेत. परंतु फ्लूमध्येसुद्धा ओसेल्टामिविर हे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केले तरच त्याचा चांगला उपयोग होतो, तेव्हा पुढची साथ दुसऱ्या एखाद्या विषाणूची असली तरी दिवस मोजण्याची सवय मोडू नये.

आधी तारीख लिहा

घरात कोणालाही कणकण जाणवली, घसा खवखवू लागला किंवा अंग मोडून आले की त्या तारखेवर भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये गोल करावा. तोच पहिला दिवस. माझ्या अनुभवात येथेच दोन चुका होत असत. काही जण मोठा ताप आला त्या दिवसापासून मोजत, आणि त्याआधीचे दोन दिवस ‘शेतात ऊन लागले असेल’ म्हणून सोडून देत. काही जण तपासणीचा अहवाल हाती आला त्या दिवसापासून मोजत. अहवालाची तारीख आजाराची तारीख नसते. पहिले लक्षण कितीही किरकोळ असो, मोजणी तिथूनच करावी.

कॅलेंडरजवळ एक वही ठेवावी. तिच्यात सकाळ-संध्याकाळचा ताप, ऑक्सिजनची पातळी, पिण्याचे पाणी आणि लघवी पुरेशी होते की नाही, मधुमेह असल्यास साखर, आणि दिलेले प्रत्येक औषध लिहावे. गावातल्या डॉक्टरांनी दिलेल्या इंजेक्शनचे नावही विचारून लिहून घ्यावे. ‘दोन इंजेक्शनं अन् एक सलाईन दिली’ या माहितीवरून पुढच्या डॉक्टरला त्यात स्टेरॉइड (प्रतिकारयंत्रणेला आवर घालणारे औषध) होते की नाही हे कळत नाही, आणि ते कळणे का आवश्यक आहे हे पुढे येईलच.

नव्या औषधाची बातमी आली, तर

कोविडचे बहुसंख्य रुग्ण कोणत्याही विशेष औषधाशिवाय बरे होतात. त्यामुळे एखादी गोळी घेतली आणि माणूस बरा झाला, एवढ्यावरून गोळीविषयी काहीच सिद्ध होत नाही. शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. सोयाबीनचे नवे वाण काळ्या कसदार रानात आणि जुने वाण मुरमाड माळावर पेरून दोघांच्या उताऱ्याची तुलना कोणी केली, तर आपण त्याला हसू. परभणीच्या कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणी वाणांची तुलना करताना शेजारशेजारचे वाफे घेतात आणि कोणत्या वाफ्यात काय पेरायचे ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवतात, म्हणजे जमिनीचा कस कोणा एकाच्या बाजूने झुकत नाही. ही रीत मुळात शेतीचीच आहे. रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथमस्टेड येथील शेतीच्या प्रयोगांतून ती घडवली आणि वैद्यकाने ती नंतर उचलली. वैद्यकीय चाचणीत वाफ्यांच्या जागी माणसे असतात, एवढाच फरक.

ही रीत न पाळता काढलेले निष्कर्ष कसे कोसळतात, याची उदाहरणे २०२० मध्ये एकामागून एक मिळाली. बऱ्या झालेल्या रुग्णाचा प्लाझ्मा देण्याची कल्पना तर्काला पटणारी होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर तिची रीतसर चाचणी घेतली, तेव्हा आजार गंभीर होण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण प्लाझ्मा मिळालेल्यांमध्ये १९ टक्के आणि न मिळालेल्यांमध्ये १८ टक्के निघाले. चाचणीचा निकाल २०२० मध्येच उपलब्ध होता. तरीही मे २०२१ मध्ये देशाच्या उपचारसूचीतून प्लाझ्मा वगळला जाईपर्यंत दाता शोधत नातेवाईक रात्री-अपरात्री जिल्ह्याजिल्ह्यांत फिरत राहिले. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ या मोठ्या चाचणीत हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घेतलेल्यांपैकी २७ टक्के आणि न घेतलेल्यांपैकी २५ टक्के रुग्ण २८ दिवसांत दगावले, म्हणजे फायदा दिसला नाही. उलट बाजूची घाईसुद्धा चुकीची ठरली : हेच औषध घातक असल्याचे सांगणारा एक शोधनिबंध ‘लॅन्सेट’मध्ये २२ मे २०२० रोजी आला आणि त्यामागची माहिती पडताळता येईना म्हणून ४ जूनला तो मागे घ्यावा लागला. नावाजलेल्या नियतकालिकात छापून आले म्हणून ते खरेच असते, असे नाही.

तेव्हा भ्रमणध्वनीवर एखादा दावा आला की इतके तपासावे. औषध न घेतलेला, तुलनेसाठीचा गट होता का आणि गटांची वाटणी चिठ्ठीने झाली होती का? मोजले काय, मृत्यू आणि रुग्णालयात दाखल होणे, की केवळ रक्ताच्या अहवालातला एखादा आकडा? आणि औषध आजाराच्या कोणत्या दिवशी सुरू केले? भारतात २००९ पासून प्रत्येक वैद्यकीय चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असावी लागते, आणि ती नोंद संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. ‘आमच्या औषधाची चाचणी झाली आहे’ असे सांगणाऱ्याला तिचा नोंदणी क्रमांक विचारावा.

साथ गावात येण्याआधी

हा विषाणू मुख्यतः श्वासावाटे बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म थेंबांतून आणि हवेत तरंगणाऱ्या कणांतून पसरतो. म्हणून घरातली हवा बदलती ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे, आणि आपल्या घरांत तोच अवघड जातो. जुन्या माळवदाच्या घरात उन्हाळ्यात गारवा राहतो तो जाड भिंती आणि लहान झरोके यांमुळे, पण त्याच कारणाने आतली हवा आतच राहते. आजारी माणसाला मधल्या अंधाऱ्या खोलीत ‘आराम पडावा’ म्हणून निजवण्याऐवजी ओसरीवर किंवा ढेलजेत बाज टाकून द्यावी. शेतात आखाडा, म्हणजे राहण्याचे खोपट, असेल, तिथे सावली, पाणी आणि फोनची रेंज असेल, आणि हाकेच्या अंतरावर कोणी राहणार असेल, तर घरातल्या कोपऱ्यापेक्षा ती जागा चांगली; मात्र वृद्ध किंवा दम लागणाऱ्या माणसाला तिथे एकटे ठेवू नये.

कूलरविषयी बरेच जण विचारतात. कूलर खिडकीबाहेर बसवलेला असेल तर तो बाहेरची हवा आत ढकलतो; समोरचे दार किंवा खिडकी उघडी ठेवली की खोलीतली हवा सतत बदलत राहते, आणि अशा वेळी तो मदतच करतो. कूलर खोलीच्या आतच ठेवलेला असेल तर तीच हवा फिरत राहते. खिडक्या बंद करून लावलेल्या एसीचेही तसेच.

मास्कवर सर्वांत उपयोगी अभ्यास आपल्यासारख्याच खेड्यांमध्ये झाला. बांगलादेशातल्या ६०० गावांत, सुमारे ३ लाख ४० हजार प्रौढांवर झालेल्या या चाचणीत काही गावांत मास्क वाटले, वापराचा पाठपुरावा केला, आणि उरलेल्या गावांशी तुलना केली. योग्य रीतीने मास्क वापरण्याचे प्रमाण १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले. ज्या गावांत सर्जिकल मास्क वाटले होते तिथे लक्षणे असलेला आणि रक्ततपासणीने सिद्ध झालेला संसर्ग सुमारे ११ टक्क्यांनी कमी आढळला, आणि साठीच्या पुढच्यांमध्ये ही घट सुमारे ३५ टक्के होती. कापडी मास्कचा तितका स्पष्ट फायदा दिसला नाही. संपूर्ण गावापैकी निम्म्यांहून कमी लोक मास्क वापरत असताना मिळालेला हा परिणाम आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. गमछा किंवा पदर तोंडाला लावणे ही त्याची बरोबरी नव्हे. घरात आजारी माणूस असेल तर त्याने आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्याने, दोघांनीही, नाकावर घट्ट बसणारा सर्जिकल किंवा एन-९५ मास्क वापरावा.

लसीबाबत थोडक्यात सांगतो. भारतात १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले. कोव्हॅक्सिनची चाचणी २५,७९८ जणांवर झाली आणि लक्षणे असलेला आजार टाळण्याची तिची क्षमता ७७.८ टक्के आढळली. तिथेही दिवसांचाच हिशेब होता : दुसऱ्या मात्रेनंतर किमान १४ दिवस उलटल्यावर झालेले आजारच या आकड्यात धरले होते. लस टोचून आल्याच्या तिसऱ्या दिवशी लग्नाला जाऊन आजारी पडलेल्या माणसाने लसीला दोष देऊ नये. विषाणू रूप बदलतो तसे संसर्गापासूनचे संरक्षण लवकर घटते आणि गंभीर आजारापासूनचे अधिक काळ टिकते. ‘लस घेऊनही झाला’ या तक्रारीचे उत्तर एवढेच आहे.

तपासणी कोणत्या दिवशी

आरटी-पीसीआर तपासणी चांगली आहे, परंतु ती वेळेआधी केली तर फसवते. सात अभ्यासांची माहिती एकत्र करून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे आढळले की संसर्ग असूनही अहवाल निगेटिव्ह येण्याचे प्रमाण लक्षणे दिसली त्या दिवशी सुमारे ३८ टक्के होते, आणि आणखी तीन दिवसांनी ते २० टक्क्यांपर्यंत उतरले. लक्षणे येण्याच्या कितीतरी दिवस आधी केलेली तपासणी तर जवळजवळ निरर्थकच होती. म्हणून बाधित माणसाच्या संपर्कात आल्यावर दुसऱ्याच दिवशी तपासणीला धावू नये. लक्षणे नसतील तर पाच दिवस थांबून तपासावे, आणि तोवर घरच्यांपासून वेगळे राहावे. लक्षणे असतील तर लगेच तपासावे, आणि अहवाल निगेटिव्ह आला तरी ताप-खोकला कायम असल्यास दोन-तीन दिवसांनी पुन्हा तपासावे.

रॅपिड अँटिजेन तपासणी आपल्या उपकेंद्रापर्यंत पोहोचली, हा तिचा मोठा गुण. कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यानुसार लक्षणांच्या पहिल्या आठवड्यात ती १०० बाधितांपैकी सुमारे ८१ जणांना ओळखते. दुसऱ्या आठवड्यात केवळ ५४ जणांना. ती पॉझिटिव्ह आली तर विश्वास ठेवावा. निगेटिव्ह आली आणि लक्षणे असली, तर आरटी-पीसीआर करून घ्यावी, असाच आयसीएमआरचा नियम होता.

आता ‘स्कोअर’विषयी. २०२१ मध्ये आपल्याकडे माणसाची विचारपूससुद्धा ‘स्कोअर किती आला?’ अशी होऊ लागली होती. एचआरसीटी, म्हणजे छातीच्या सीटी स्कॅनच्या, तपासणीत फुप्फुसांच्या पाच खंडांना प्रत्येकी पाचपर्यंत गुण देऊन २५ पैकी आकडा काढतात. हा आकडाही दिवसावर अवलंबून असतो : दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काढलेला सीटी स्वच्छ दिसू शकतो आणि तोच माणूस नवव्या दिवशी ऑक्सिजनवर जाऊ शकतो, उलट, बारा स्कोअर असलेला माणूस ९७ ऑक्सिजन पातळीने घरी बरा होऊ शकतो. ज्याची ऑक्सिजन पातळी उत्तम आहे आणि ज्याला दम लागत नाही, त्याने हौसेने सीटी काढू नये. दोन-अडीच हजार रुपये आणि किरणोत्सर्ग, दोन्ही वाया जातात. आरटी-पीसीआर अहवालातल्या सीटी व्हॅल्यूची गफलत याच नावसाम्यातून होते. ती व्हॅल्यू नमुन्यातल्या विषाणूच्या प्रमाणाचा अंदाज देते, आणि नमुना कसा घेतला यावरही ठरते. आजार किती गंभीर आहे हे तिच्यावरून कळत नाही.

पहिला आठवडा घरी

ब्रिटनमध्ये ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांच्या नाकात ठरावीक मात्रेत विषाणू सोडून, त्यांना देखरेखीखाली ठेवून एक अभ्यास झाला, ज्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. संसर्ग झालेल्या १८ जणांत विषाणू घशात सुमारे ४० तासांतच दिसू लागला, विषाणू सोडल्यापासून पाचव्या दिवसाच्या सुमारास कळसाला पोहोचला, आणि काहींच्या नाकातून जिवंत विषाणू बाराव्या दिवसापर्यंत मिळत राहिला. यावरून घरासाठी एवढा नियम निघतो की पहिले सात दिवस वेगळे राहावे, शेवटच्या तीन दिवसांत ताप नसेल तरच बाहेर पडावे, आणि त्यानंतरही दहाव्या-बाराव्या दिवसापर्यंत घरातल्या म्हाताऱ्यांजवळ मास्क लावूनच बसावे.

या काळात तापासाठी पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, ताक, पेज आणि गरज पडल्यास ओआरएस पुरेसे असते. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर असताना तापलेल्या माणसाच्या शरीरातले पाणी फार लवकर कमी होते, म्हणून लघवीची नोंद ठेवायला सांगितले. तोंडाने पाणी पिऊ शकणाऱ्या माणसाला सलाईनने जास्तीचे काही मिळत नाही. अझिथ्रोमायसिन घरी बरे होणाऱ्या रुग्णांना लवकर बरे करत नाही, हे ब्रिटनमधल्या ‘प्रिन्सिपल’ चाचणीत दिसले. आयव्हरमेक्टिनचा ब्राझीलमधल्या १,३५८ रुग्णांच्या चाचणीत फायदा दिसला नाही. क जीवनसत्त्व आणि झिंक यांच्या मोठ्या मात्रांनी २१४ रुग्णांच्या चाचणीत आजाराचे दिवस कमी झाले नाहीत. वाफेने नाक मोकळे वाटत असेल तर वाटू द्यावे, पण ती उपचार नव्हे, आणि उकळत्या पातेल्याने भाजलेली मुले मी स्वतः पाहिली आहेत.

पहिल्या आठवड्यात खरोखर उपयोगी पडणारी औषधे मोजकीच आहेत आणि ती जोखीम असलेल्यांसाठी आहेत : साठीपुढचे, मधुमेही, मूत्रपिंडाचा विकार असलेले, कर्करोगाचा उपचार घेणारे. निर्मात्रेलविर आणि रिटोनाविर यांची जोडगोळी, लस न घेतलेल्या अशा रुग्णांना लक्षणांपासून तीन दिवसांच्या आत सुरू केल्यावर, रुग्णालयात दाखल होण्याचा किंवा मृत्यूचा धोका सुमारे ८९ टक्क्यांनी कमी करते असे तिच्या मुख्य चाचणीत आढळले. पाच दिवसांनंतर ती सुरू करण्याला अर्थ नाही. रक्त पातळ करणाऱ्या आणि कोलेस्टेरॉलच्या अनेक गोळ्यांशी तिचे जमत नाही, त्यामुळे वहीतली चालू औषधे डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ती घेऊ नये. पन्नाशीपुढच्या रुग्णांना ब्युडेसोनाइडचा पंप ओढल्याने सुमारे तीन दिवस लवकर बरे वाटते, हेही ‘प्रिन्सिपल’ चाचणीतच दिसले. हे औषधही स्टेरॉइडच, पण ते श्वासातून थेट फुप्फुसात जाते. पोटात घेण्याच्या स्टेरॉइडच्या गोळीशी त्याची गल्लत करू नये.

पाचव्या ते दहाव्या दिवसांदरम्यान सर्वाधिक लक्ष द्यावे, कारण ताप उतरला म्हणून घरचे निर्धास्त होतात त्याच सुमारास ऑक्सिजन खाली जाऊ लागतो. पल्स ऑक्सिमीटर लावण्यापूर्वी नखावरची मेंदी किंवा नखपॉलिश नसलेले बोट निवडावे, हात गार असल्यास चोळून गरम करावा, माणसाला पाच मिनिटे शांत बसवावे, आणि आकडा स्थिर होईपर्यंत, निदान मिनिटभर, थांबावे. बसून ९४ किंवा अधिक असेल तर अंगणात सपाट जागेवर सहा मिनिटे चालवून पुन्हा पाहावे. साठीपुढच्यांना तीन मिनिटे पुरेत. आकडा ९४ च्या खाली गेला किंवा आधीपेक्षा तीनहून अधिक उतरला, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. बसल्या जागीच तो ९४ च्या खाली असेल तर चालवून पाहू नये, १०८ ला फोन करावा.

या यंत्राची एक मर्यादा आहे. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात धोकादायक कमी असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के आणि गोऱ्यांत ३.६ टक्के होते. सावळ्या-काळ्या त्वचेवर यंत्र आकडा वाढवून दाखवू शकते, आणि आपल्यापैकी बहुतेकांना हे लागू पडू शकते. म्हणून एकेका आकड्यापेक्षा वहीतला उतार पाहावा. ९८, ९७, ९५ असा क्रम दोन दिवसांत दिसला तर ९५ ‘चांगला’ म्हणून सोडू नये. एक वाक्य बोलताना मध्ये श्वास घ्यावा लागणे, ओठ निळसर होणे, गोंधळल्यासारखे बोलणे, छातीत दुखणे यांपैकी काही दिसले तर यंत्र काय म्हणते हे पाहत बसू नये. आणि उलट, कोविडमध्ये ऑक्सिजन ८५ वर गेलेला माणूस बाजेवर बसून चहा पीत, ‘मला काही होत नाही’ असे म्हणत असतो, हेही आम्ही पुष्कळ वेळा पाहिले.

रुग्णालयात पोहोचल्यावर

नातेवाइकांनी पहिली गोष्ट करावी ती म्हणजे वही पुढे करून पहिल्या लक्षणाची तारीख सांगावी. दुसरा प्रश्न विचारावा : रुग्णाला ऑक्सिजन लागतो आहे का? स्टेरॉइड द्यायचे की नाही हे याच उत्तरावर ठरते.

१६ जून २०२० रोजी ‘रिकव्हरी’ चाचणीने डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा निकाल जाहीर केला, तो या साथीतला सर्वांत मोठा आणि सर्वांत स्वस्त दिलासा होता. दररोज सहा मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस, एवढ्या उपचाराने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतील मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर, आणि ऑक्सिजनवरच्या रुग्णांतील मृत्यू २६.२ वरून २३.३ टक्क्यांवर आले. परंतु ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांच्यात औषध घेतलेल्यांतले मृत्यू १७.८ टक्के आणि न घेतलेल्यांतले १४ टक्के होते. तिथे फायदा नव्हता, अपायाची शक्यता होती. गोळी काही रुपयांची आणि गावातल्या दुकानात मिळणारी. म्हणून निकालाचा पहिला अर्धा भाग वाऱ्यासारखा पसरला आणि दुसरा अर्धा मागे राहिला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून स्टेरॉइड घेतलेले, साखर चारशेवर गेलेले रुग्ण आम्ही त्या उन्हाळ्यात रोज पाहत होतो, आणि काळी बुरशी अशा अनेकांच्या वाट्याला आली. अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइड ही तिची दोन प्रमुख कारणे आहेत. स्टेरॉइड चालू असेपर्यंत साखर दिवसातून चार वेळा तपासली जाते का, हे नातेवाइकांनी विचारावे, आणि ते विचारताना संकोच करू नये. घरी आल्यावरही चार-सहा आठवडे एका बाजूचे गाल दुखणे किंवा बधिर होणे, नाकातून काळसर स्राव, दात हलणे, पापणी पडणे किंवा दोन-दोन दिसणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी नाक-कान-घसा तज्ज्ञाकडे जावे.

रेमडेसिविर या विषाणूरोधक इंजेक्शनसाठी लागलेल्या रांगा विसरण्यासारख्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सॉलिडॅरिटी’ चाचणीत रुग्णालयातल्या रुग्णांचा मृत्यू टाळण्यात त्याचा प्रभाव नगण्य ठरला होता. व्हेंटिलेटरवर गेलेल्यांना तर त्याने काहीच साधले नाही. तेच औषध, जोखीम असलेल्या पण घरीच असलेल्या रुग्णांना लक्षणांपासून सात दिवसांच्या आत तीन दिवस दिले तेव्हा मात्र दाखल होण्याचा धोका ८७ टक्क्यांनी घटला. दहाव्या दिवशी, व्हेंटिलेटरवरच्या माणसासाठी, जमीन गहाण ठेवून आणलेली ती कुपी चुकीच्या दिवशी आलेली होती.

रुग्ण शुद्धीवर असेल आणि ऑक्सिजनवर असेल तर त्याला पालथे झोपवण्याचा उपाय नातेवाईकही राबवू शकतात. सहा देशांतल्या ११२१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, जास्त प्रवाहाच्या ऑक्सिजनवर असलेल्यांना जागेपणी पालथे झोपवल्याने श्वासनलिकेत नळी घालण्याची वेळ किंवा मृत्यू यांचे प्रमाण ४६ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आले. एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, आणि दोन नडगीखाली ठेवाव्यात. जेवणानंतर तासभर आणि गरोदरपणी हे करू नये; हृदयविकार किंवा मणक्याचे, कमरेचे हाड मोडलेले असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

वैद्यकीय महाविद्यालयात एखाद्या चाचणीत सहभागी होण्याविषयी विचारणा झाली, तर ‘आमच्यावर प्रयोग करतात’ म्हणून लगेच उठून जाऊ नये आणि न वाचता अंगठाही देऊ नये. डेक्सामेथासोनचे उत्तर मिळाले ते हजारो आजारी माणसांनी होकार दिला म्हणून. संमतीपत्रक मराठीत मागावे. नैतिक समितीची मान्यता आहे का हे विचारावे. मध्येच बाहेर पडण्याचा आणि बाहेर पडल्यावरही नेहमीचा उपचार मिळण्याचा हक्क आपल्याला आहे. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे.

बारा आठवड्यांपर्यंत

घरी परतल्यावर बहुतेक घरांत वही बंद होते. ती चालू ठेवावी. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये केलेल्या व्याख्येनुसार, आजार सुरू झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनी असलेली, किमान दोन महिने टिकलेली आणि दुसऱ्या कोणत्याही कारणाने उलगडा न होणारी लक्षणे म्हणजे कोविडोत्तर विकार. येथेही मोजणी पहिल्या गोलापासूनच होते. वुहानमधून घरी गेलेल्या १,७३३ रुग्णांपैकी ७६ टक्क्यांना सहा महिन्यांनंतर काही ना काही त्रास होता, आणि थकवा किंवा स्नायूंची अशक्तता हा त्यांतला सर्वांत मोठा होता. ‘अंगात राम राहिला नाही’ असे आपल्याकडे म्हणतात तो हाच थकवा. तो आळस नव्हे हे घरच्यांनी समजून घ्यावे.

व्यायामाचा उपयोग होतो याला पुरावा आहे. रुग्णालयातून बाहेर पडलेल्या ५८५ जणांच्या ब्रिटिश चाचणीत, आठ आठवडे देखरेखीखाली घेतलेल्या व्यायामाने आणि मानसिक आधाराने जगण्याची गुणवत्ता सुधारली. परंतु तो मोजून करावा. खुर्चीवर बसून मिनिटभर उठ-बस करून ऑक्सिजन पाहावा. तो तीनहून अधिक उतरला तर डॉक्टरांना दाखवेपर्यंत वाढ करू नये. आज केलेल्या कामाचा थकवा उद्या किंवा परवा दुप्पट होऊन येत असेल, तर काम वाढवायचे नसून निम्मे करायचे आहे. काम, विश्रांती आणि दुसऱ्या दिवशीचा अनुभव या तीन गोष्टी वहीत शेजारशेजारी लिहिल्या की आपली मर्यादा आठवडाभरात कळते. गेलेल्या वासासाठी लवंग, लिंबाची साल, निलगिरी आणि गुलाब यांचा सकाळ-संध्याकाळ वीस-वीस सेकंद, लक्ष देऊन वास घ्यावा. पुरावा माफक आहे, पण खर्च नाही आणि अपायही नाही.

दोन गोष्टी कोविडच्या नावाखाली झाकल्या जातात. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला, वजन घटले किंवा संध्याकाळी ताप येऊ लागला, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात क्षयरोगासाठी थुंकी तपासून घ्यावी. ही तपासणी मोफत आहे. एका पायाला सूज येऊन पोटरी दुखणे किंवा अचानक छातीत कळ येऊन दम लागणे हे रक्ताच्या गुठळीचे लक्षण असू शकते, आणि त्याला आठवडे मोजत बसायचे नसते. स्टेरॉइड घेतलेल्या प्रत्येकाने, आधी मधुमेह नसला तरी, बाराव्या आठवड्याला उपाशीपोटीची साखर तपासावी.

बारा तास वाकून ऊस तोडणाऱ्या, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या माणसासाठी हे बारा आठवडे विशेष कठीण असतात, कारण एक आजारी पडला की कोयताच, म्हणजे तोडणीची जोडीच, मोडतो आणि दुसऱ्याचीही मजुरी बुडते. त्यामुळे हंगामाच्या तोंडावर आजार झाला असेल तर मुकादमाकडून उचल घेण्याआधी कॅलेंडरवरचा गोल पाहावा, तिथून बारा आठवडे मोजावेत, आणि त्या तारखेला सहा मिनिटे चालण्याची चाचणी, साखर आणि वही आशाताईंना किंवा डॉक्टरांना दाखवून मगच अंगठा द्यावा.